मुलीला ‘सपोर्ट’ला टाकलंय, राजीनामा द्यावा का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी लातूरहून बी. ई. कॉम्प्युटर झाली, कॅम्पसमधून हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत लागली, आणि ट्रेनिंग संपल्यावर तिला कोडिंगऐवजी डेटाबेस-मिडलवेअर मॉनिटरिंगच्या, म्हणजे चालू सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या ‘सपोर्ट’ टीममध्ये घातलं. वर्ष होत आलं. तीन शिफ्ट, त्यात रात्रीचीही. तुम्ही स्वतः उपजिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहात आणि लिहिलंय, ‘मी जन्मभर रात्रपाळ्या केल्या, तिच्या वाट्याला त्या येऊ नयेत म्हणून तिला इंजिनिअर केलं.’ आता ती म्हणते, हे नुसतं स्क्रीनकडे बघत बसायचं काम आहे, नोकरी सोडून पुण्यातच सहा महिन्यांचा ‘फुल स्टॅक’चा, म्हणजे अख्खी वेबसाइट बनवायला शिकवणारा, कोर्स करते. आणि तुम्हाला वेगळीच धास्ती आहे, की एआय आल्यावर असली कामं उरतील का.

आधी उत्तर देतो, मग कारणं. राजीनामा आत्ता देऊ नये. पण ‘लागलेली नोकरी सोडू नये’ एवढ्याच कारणासाठी तिथं चिकटूनही राहू नये. ठरवायचं ते एका गोष्टीवरून: ती आलेला अलर्ट नुसता बंद करते आहे, की तो का आला हे शोधते आहे. दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून होतात, पगारही सुरुवातीला सारखाच असतो. पाच वर्षांनी मात्र ही दोन माणसं फार वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

तिचं काम काय आहे ते तुम्हाला तुमच्याच वॉर्डावरून सांगतो. आयसीयूत प्रत्येक खाटेजवळ मॉनिटर असतो आणि सगळ्या खाटांचे आकडे एका ठिकाणी, नर्सिंग स्टेशनवर दिसतात. तिच्याकडे खाटांच्या जागी सर्व्हर आहेत. तिनं ज्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं, ते ओरॅकल या डेटाबेस कंपनीचं एंटरप्राइज मॅनेजर, म्हणजे त्यांच्या भाषेत ओईएम. प्रत्येक सर्व्हरवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. डिस्क किती भरली, डेटाबेस चालू आहे का, कोणतं सेशन अडकलंय, ही माहिती तो गोळा करून मध्यवर्ती मॅनेजमेंट सर्व्हरकडे पाठवतो. ती सगळी एका रिपॉझिटरी डेटाबेसमध्ये साठते. ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली, की अलर्ट येतो आणि त्याचं तिकीट, म्हणजे सोडवायच्या कामाची नोंद, बनतं. शेकडो डेटाबेस आणि वेबलॉजिकसारखे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर (वेबसाइट आणि डेटाबेस यांच्या मधला थर, म्हणजेच मिडलवेअर) एकाच कन्सोलवरून सांभाळायचे म्हणून ही व्यवस्था.

आता त्यातली एक गोष्ट जवळून बघू. ओरॅकलमध्ये डेटा ज्या जागेत ठेवतात तिला टेबलस्पेस म्हणतात. ती ८५ टक्के भरली की ओईएम मूळ सेटिंगप्रमाणे इशारा देतं आणि ९७ टक्क्यांना लाल अलर्ट. रात्री अडीचला असा अलर्ट आला. एसओपीत, म्हणजे ठरलेल्या कार्यपद्धतीच्या कागदात, लिहिलेलं असतं: नवी डेटाफाइल जोडा, तिकीट बंद करा. पाच मिनिटांचं काम, एसएलए, म्हणजे ग्राहकाला कबूल केलेली वेळही पाळली जाते. तीन आठवड्यांनी तोच अलर्ट परत, परत एक डेटाफाइल. ज्या मुलीला प्रश्न पडतो ती फाइल जोडतेच, कारण आधी सेवा बंद पडू द्यायची नाही. पण नंतर बघते की कोणतं टेबल वाढतंय, आणि याच महिन्यात का वाढतंय. शोधत गेल्यावर बऱ्याचदा असं निघतं, की जुन्या नोंदी काढून टाकणारा रात्रीचा ‘पर्ज जॉब’ कधीतरी फेल झाला आणि तेव्हापासून तो चाललाच नाही. दोन ओळींचा मेल तो जॉब सांभाळणाऱ्या टीमला गेला, की अलर्ट कायमचा थांबतो. हँडओव्हरमध्ये तिचं नाव येतं, आणि मॅनेजर पुढच्या वेळी अवघड तिकीट तिलाच देतो.

दुसरं उदाहरण देतो, कारण या खुर्चीची खरी किंमत त्यात आहे. वेबलॉजिकमध्ये एखादी विनंती ६०० सेकंदांहून जास्त रेंगाळली, की ती हाताळणाऱ्या थ्रेडला, म्हणजे सर्व्हरमधल्या कामाच्या धाग्याला, ‘स्टक थ्रेड’ म्हणतात. हीसुद्धा मूळ सेटिंगच. असे थ्रेड साठत गेले, की वेबसाइट मंदावते. मिडलवेअरवाला म्हणतो, सर्व्हर रीस्टार्ट करू. डेटाबेसवाला म्हणतो, आमच्याकडे सीपीयू निवांत आहे. दोघंही खरं बोलत असतात. मग कळतं, की कुणीतरी दुपारी डेटाबेसमध्ये एक अपडेट चालवला आणि कमिट न करता, म्हणजे तो बदल पक्का न करता, जेवायला गेला. त्या ओळींवर लॉक बसला, आणि त्याच ओळी मागणारे वेबलॉजिकचे थ्रेड रांगेत ताटकळत राहिले. सर्व्हर रीस्टार्ट केला तर पाच मिनिटं बरं वाटतं, पुन्हा तेच. डेटाबेसच्या व्ही-डॉलर-सेशन या व्ह्यूत, म्हणजे माहितीच्या तक्त्यात, ‘ब्लॉकिंग सेशन’ नावाचा रकाना आहे. तो वाचता येणाऱ्या माणसाला कुणामुळे कोण अडकलंय ते मिनिटभरात सापडतं.

कोड लिहिणाऱ्या मुलांना पहिल्या दोन-तीन वर्षांत हे दृश्य सहसा दिसत नाही. त्यांच्या वाट्याला एका अ‍ॅप्लिकेशनचा एक तुकडा येतो. तुमच्या मुलीसमोर अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर, डेटाबेस, डिस्क, नेटवर्क सगळं एका कन्सोलवर उघडं आहे, आणि तेही खऱ्या ग्राहकांच्या खऱ्या लोडखाली. एवढी शिकायची सोय कोणत्याही कोर्समध्ये फी भरून मिळत नाही. ती ही सोय वापरते आहे का, हा प्रश्न तिला तुम्हीच विचारा, आणि चिडून विचारू नका. बहुतेक कंपन्यांत एल-वनच्या, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवरच्या, मुलांना कुणी सांगतच नाही, की यापुढेही काही बघायचं असतं.

घरी आली की तिला या तीन गोष्टी विचारा. मागच्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला अलर्ट कोणता, आणि तो का येतो? एखादा डेटाबेस कन्सोलवर हिरवा दिसतोय, पण त्याचा एजंटच बंद असेल, तर तुला कसं कळतं? मेंटेनन्ससाठी लावलेला ब्लॅकआउट काढायचा राहिला तर काय होतं? दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला मी फार महत्त्व देतो. एजंटनं शेवटची माहिती कधी पाठवली हे ‘ईएमसीटीएल स्टेटस एजंट’ ही कमांड दाखवते. ब्लॅकआउट म्हणजे कामापुरते अलर्ट थांबवणं. शेवटची वेळ न घालता तो लावला आणि काढायचा विसरला, तर तो डेटाबेस कुणाच्याच नजरेखाली राहत नाही आणि ओरडही होत नाही. शांतता म्हणजे सगळं ठीक असं न मानता ती तपासून बघणारी मुलगी या क्षेत्रात पुढं जाते. तुमच्या लेकीला ही उत्तरं येत असतील, तर ती स्वतःला समजते त्यापेक्षा बरंच पुढं आहे.

आता एआयचं. तुमची भीती निराधार नाही. ओरॅकलनं २०१७ मध्येच ‘ऑटोनॉमस डेटाबेस’ जाहीर केला. पॅचिंग (दुरुस्तीचे अपडेट बसवणं), बॅकअप आणि बराचसा ट्यूनिंगचा (वेग सुधारण्याचा) भाग तो स्वतःच करतो. आणि तेवढं लांब कशाला, ओईएममध्येच अलर्ट आल्यावर आपोआप उपाय चालवायची सोय कधीपासूनची आहे. टेबलस्पेस भरली की डेटाफाइल जोडणारी स्क्रिप्ट त्यात लावता येते. म्हणजे एसओपी वाचून तिकीट बंद करायचं जे काम आहे, ते कमी होत जाणार, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. राहील ते काम कुणाचं? पर्ज जॉब बंद पडलाय हे ओळखणाऱ्याचं, दोन टीमच्या भांडणातून कारण बाहेर काढणाऱ्याचं, आणि ‘हा बदल आज रात्री करू नका, उद्या महिनाअखेर आहे’ असं अधिकारानं सांगणाऱ्याचं. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांचा डेटा इतका गुंतलेला आणि जुना असतो, की तिथं अशा माणसांची गरज मला नजीकच्या काळात संपताना दिसत नाही. सेवा बंद पडणं आता किती गंभीर मानतात तेही बघा. डिजिटल सेवा वारंवार कोलमडल्या म्हणून रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं देणं थांबवायला सांगितलं होतं. सगळे निर्बंध उठायला मार्च २०२२ उजाडलं. त्या वेळी ताजं कारण प्रायमरी डेटा सेंटरमधला वीजपुरवठा बंद पडण्याचं होतं.

काय शिकावं, याची यादी लांब करत नाही. आधी एसक्यूएल पक्कं, म्हणजे फक्त सिलेक्ट नाही, तर एक्झिक्युशन प्लॅन, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कोणत्या पायऱ्यांनी चालवतो ते, वाचता येईपर्यंत. मग लिनक्स आणि शेल स्क्रिप्ट. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात ओरॅकल लिनक्स आणि ‘ओरॅकल डेटाबेस फ्री’ बसवता येतो. त्याला पैसे पडत नाहीत. दोन जीबी मेमरी आणि १२ जीबी डेटाची मर्यादा आहे, शिकायला ती पुरते. तिथं मुद्दाम टेबलस्पेस भरू दे, मुद्दाम लॉक लावू दे, बॅकअप घेऊन डेटाफाइल उडवू दे आणि आरमॅन या ओरॅकलच्या बॅकअप-रिकव्हरीच्या साधनानं परत आणू दे. क्लायंटच्या सर्व्हरवर हे करता येत नाही, आणि हात बसतो तो असंच मोडून-जोडून. हे जमलं की ओरॅकलची ओसीपी ही प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी. परीक्षा आधी पाठ करून काम नंतर शिकणारी मुलं मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला थांबतात.

सोबत पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेसही बघावा. नव्या कंपन्यांत तो खूप वापरात आहे, आणि तिथंही ‘कोण कुणासाठी थांबलंय’ हाच प्रश्न असतो, फक्त व्ह्यूचं नाव पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी. एका कंपनीच्या एका टूलवर आयुष्य बेतू नये, म्हणून हे सांगतो.

एक सावधगिरी तिला जरूर कळवा, कारण नव्या मुलांना ती कुणी सांगत नाही. ओईएममधली परफॉर्मन्सची बरीच पानं आणि एडब्ल्यूआरचे (डेटाबेसच्या कामगिरीच्या नोंदींचे) रिपोर्ट ‘डायग्नोस्टिक्स पॅक’मध्ये येतात. त्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं. आणि एंटरप्राइज एडिशनच्या डेटाबेसमध्ये ती सोय मुळातच चालू असते, क्लिक केलं की पान उघडतं. क्लायंटकडे लायसन्स नसेल, तर पुढं ऑडिटमध्ये त्याचा हिशोब होऊ शकतो. वरिष्ठांना एकदा मेलवर विचारून ठेवावं आणि मगच ती पानं वापरावीत.

राहिली रात्रपाळी. यावर तुम्हाला शिकवायचा मला अधिकार नाही, तुम्ही ती जगला आहात. दोनच गोष्टी सांगतो. पहिली, महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर बोलवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर घराच्या दारापर्यंत वाहनाची सोयही कंपनीनं करायची असते. कॅब मिळते का, संमती लेखी घेतली होती का, हे तिला विचारा. मिळत नसेल तर एचआरला लेखी विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे, त्यात भांडखोरपणा काही नाही. दुसरी, सलग रात्रपाळ्या साधारणपणे पहिल्या पायरीवर जास्त असतात. एल-टू, एल-थ्रीला गेल्यावर बहुधा दिवसाची वेळ आणि आळीपाळीनं ऑन-कॉल असतं, म्हणजे गरज पडली तरच रात्री फोन. फोन पूर्णपणे सुटत नाही, हे तिनं आत्ताच समजून घ्यावं. ज्याला रात्रीच्या फोनाचं कायम दडपण येतं, त्यानं हे क्षेत्र निवडू नये, आणि त्यात कमीपणाही नाही. तिची तब्येत, झोप, पाळी, जेवण बिघडलं असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी शिफ्ट बदलून घ्या.

फुल स्टॅकचा कोर्स वाईट म्हणून मी नको म्हणत नाही. तिला खरंच कोड लिहायची ओढ असेल, तर तिनं तो जरूर करावा, फक्त नोकरी सांभाळून. पण ओढ आहे की मैत्रिणींचं स्टेटस बघून आलेली घाई आहे, हे तिलाच ओळखावं लागेल. त्यासाठी सोपी परीक्षा आहे. रोजच्या कामातलं एखादं कंटाळवाणं काम, समजा सकाळचा हेल्थ-चेक रिपोर्ट, तिनं पायथनमध्ये स्वतः लिहून स्वयंचलित करावं. त्यात रात्र कशी सरली ते कळलं नाही, तर तिच्यात डेव्हलपर आहे. पण लिहिताना तिचं लक्ष सारखं ‘हा आकडा आज असा का आला’ याकडेच वळत असेल, तर ती डेटाबेसवाली आहे. दोन्ही बाबतीत तिच्या हातात मुलाखतीत दाखवायला एक खरी गोष्ट येते.

अप्रेझलच्या आधी तिनं मॅनेजरला वेळ मागून सरळ विचारावं: एल-टूला जायला माझ्यात काय कमी आहे, आणि ते शिकायला मला कोणाबरोबर बसवाल? शक्य असेल तर एखाद्या सीनियर डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या तज्ज्ञाच्या, पॅचिंगच्या रात्री नुसतं शेजारी बसायची परवानगी मागावी. ‘बघू’ असं उत्तर आलं तर तीन महिने थांबावं, तोवर स्वतःच्या शोधलेल्या कारणांची एक वही ठेवावी: अलर्ट काय होता, कारण काय निघालं, कसं थांबवलं. क्लायंटचं नाव, सर्व्हरचं नाव, डेटा यातलं काहीही त्यात लिहायचं नाही. तीन महिन्यांनीही तिला तिकीट बंद करण्यापलीकडे काही मिळालं नाही, तर ती वही डोळ्यांखालून घालून दुसऱ्या कंपनीत ज्युनियर डीबीएच्या जागेसाठी अर्ज करावा. नवं ऑफर लेटर हातात आल्यावर राजीनामा, त्याआधी नाही. बाँड आणि नोटीस पिरियडचा कागद मला पाठवा, मी वाचून कळवतो.