लाल पोटाचा, दात असलेला मासा गळाला लागला: पिरान्हा की रूपचंद?

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून हा रूपचंद आहे, पिरान्हा नाही. रोहूसाठी कणकेची गोळी लावली होती, एक गळ तुटून गेला, दुसरा चेपटून वर आला आणि तिसऱ्याला साधारण दीड किलोचा, लाल पोटाचा, दात असलेला मासा लागला, असं तुम्ही लिहिलं आहे. यातल्या लाल पोटावर विसंबू नका. दोघांचंही पोट लाल असतं, आणि रूपचंदाची पिल्लं तर पिरान्हासारखीच दिसतात. खरी खूण आहे तो चेपटलेला गळ.

रूपचंद म्हणजे अ‍ॅमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यातला लाल पोटाचा पाकू. पिरान्हा याच कुळातला, म्हणून अंगाची चपटी, उंच ठेवण सारखी. पण पाकूचा मुख्य आहार पाण्यात पडलेली फळं आणि कठीण कवचाच्या बिया, त्यामुळे त्याचे दात फोडायचे, दळायचे. पक्कडीने ओठ मागे सारून बघा. रूपचंदाचे दात चौकोनी, बोथट, माणसाच्या दातांसारखे दिसतात आणि वरच्या जबड्यात त्यांच्या दोन ओळी असतात. पिरान्हाचे दात त्रिकोणी, धारदार, एकाच ओळीत एकमेकांत बसणारे. शिवाय खालचा जबडा ठळकपणे पुढे आलेला. दात बघितल्यावर शंका उरत नाही.

आणखी एक खूण फोटोतही कळते. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्या मध्ये छोटा, मांसल पर असतो. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, तिलापिया यांपैकी कोणालाच तो नसतो. पण तो पिरान्हालाही असतो, तेव्हा निवाडा दातांवरच.

गळ काढताना बोट तोंडात घालायचं नाही, ओठाला धरून उचलायचंही नाही. बोथट दात म्हणून निर्धास्त राहू नका. जो जबडा बी फोडतो तो बोटाला सोडणार नाही. मासा ओल्या फडक्यात कल्ल्यांच्या मागे धरा, लांब नाकाच्या पक्कडीने गळाची दांडी पकडा आणि गळ ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने उलटा फिरवून काढा.

आता गळ का हरवले ते. रोहूला पुरतो तो ०.३० मि.मी. तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) दातांत सापडला की चेपतो, दोऱ्यासारखा पिंजतो आणि पुढच्या हिसक्याला तुटतो. गळाच्या वर १५ ते २० सें.मी. पातळ स्टीलची तार लावा. तार दिसून मासा बुजत असेल तर ०.५० ते ०.६० मि.मी. जाड तंगूस चालेल, पण प्रत्येक माशानंतर तो नखाने चाचपून बघा आणि खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून टाका. गळ जाड तारेचा, आखूड दांडीचा घ्या. लांब दांडीचा बारीक गळ थेट दातांखाली जातो.

हिसका देण्यात बहुतेकांची घाई होते. तोंड कडक, त्यात दातांची भिंत, त्यामुळे पहिल्या टोचणीला हिसका दिला तर गळ दातांवरून घसरतो. तंगूस ताणून सरकू लागला की मगच रॉड उचला. गळ तोंडाच्या कोपऱ्यात बसला तर टिकतो. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ताणावर रीळ तंगूस सोडू लागेल ती पकड, तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा. मासा अंग आडवं करून ओढतो, म्हणून वजनाच्या मानाने जोर जास्त वाटतो. ड्रॅग घट्ट असेल तर तार शाबूत राहते आणि गाठ सुटते.

मासा परत सोडायचा का? मत्स्यपालनाचं तळं असेल तर मालकाला विचारा, कदाचित त्यानेच सोडलेला असेल. नैसर्गिक तलाव असेल तर तिथले नियम आधी बघा. नियम आड येत नसेल तर हा मासा परत पाण्यात टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो तिथला नाही. दुसऱ्या तळ्यात नेऊन सोडणं तर त्याहून वाईट. ठेवायचा ठरला तर तडफडत ठेवू नका: डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्यावर जड दांड्याचा एक जोरदार फटका, मग कल्ले कापून रक्त वाहू द्या आणि बर्फात घाला.

एक मासा सापडला म्हणजे तलावात त्यांची वीण होते आहे, असं लगेच समजू नका. हा मासा नदीला पाणी चढलं की स्थलांतर करून अंडी घालतो. साठलेल्या पाण्यात सहसा घालत नाही, म्हणून मत्स्यबीज केंद्रात त्याला संप्रेरकांचं इंजेक्शन द्यावं लागतं. पुरात एखाद्या तळ्यातून निसटलेला किंवा कोणीतरी काचेच्या टाकीतून आणून सोडलेला, अशीच शक्यता जास्त. मात्र पुढे बोटाएवढी पिल्लं वारंवार मिळू लागली तर गोष्ट वेगळी. तेव्हा मोजपट्टी शेजारी ठेवून पूर्ण बाजूचा एक आणि उघड्या तोंडाचा एक, असे दोन फोटो काढा आणि लांबी, तारीख, जागा लिहून मत्स्य विभागाला कळवा.