करण थापर यांच्यासारखा राजकीय मुलाखतकार व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की आवाज चांगला आहे, वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली घरात मावत नाहीत आणि थापरांच्या क्लिपा बघून हे क्षेत्र निवडावंसं वाटतंय. मी स्वतः अँकर नाही. एका मराठी वृत्तवाहिनीच्या संध्याकाळच्या चर्चेसाठी सहा वर्षं पाहुणे जमवायचं काम केलं, त्यामुळे खुर्चीच्या मागची बाजू जवळून पाहिली आहे. तेवढ्या बळावर सांगतो.

तुम्ही पाहिलेल्या क्लिपा कोणत्या असतील याचा अंदाज आहे. 2004 ची जयललितांची, ज्यात शेवटी त्या 'तुमच्याशी बोलून आनंद झाला नाही' असं तोंडावर सांगून नमस्ते करतात. आणि 2007 ची, ज्यात गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी 2002 च्या दंगलींवरच्या प्रश्नांनंतर पाणी मागतात आणि तीनेक मिनिटांत मुलाखत आटोपते. ती तीन मिनिटं मलाही पाठ आहेत. पण त्याआधीची वर्षं मोजा. वक्तृत्व थापरांकडेही होतंच, 1977 मध्ये ते केंब्रिज युनियन या विद्यापीठातल्या वादविवाद संस्थेचे अध्यक्ष होते. पण त्या जोरावर कोणी त्यांना लगेच मंत्र्यासमोर बसवलं नाही. आधी लंडनच्या 'द टाइम्स'साठी नायजेरियात लागोसला बातमीदारी, मग 1982 पासून लंडन वीकएंड टेलिव्हिजनमध्ये तब्बल 11 वर्षं. भारतात येऊन नाव झालं ते त्यानंतर.

ही लंडनची वाहिनी म्हणजे मुलाखतीची तालीमच होती. तिथे ब्रायन वॉल्डन हे माजी खासदार 'वीकएंड वर्ल्ड' हा राजकीय मुलाखतींचा कार्यक्रम चालवायचे. मंत्री हो म्हणाला तर पुढचा प्रश्न कोणता, नाही म्हणाला तर कोणता, टाळाटाळ केली तर कोणता, अशा फांद्या आधीच कागदावर काढलेल्या असत. थापर तोच प्रश्न तीनदा विचारतात तेव्हा अनेकांना तो उर्मटपणा वाटतो. मला त्यात ती जुनी फांदी दिसते.

आमच्याकडे एवढी चैन नव्हती. दुपारी दोनच्या बैठकीत विषय ठरायचा, चारला बदलायचा, आणि साडेसहाला मी अजून पडद्यावरच्या चौथ्या चौकटीसाठी प्रवक्ता शोधत असायचो. तरी आमचे एक अँकर मेकअपला बसल्या बसल्या पाठकोऱ्या कागदावर प्रश्न लिहायचे, हातानेच. अतिवृष्टीच्या वर्षी सत्ताधारी पक्षाचे एक प्रवक्ते 'पंचनामे पूर्ण झालेत' असं ठणकावून सांगत होते. सरांनी दुपारीच दोन तलाठ्यांना फोन लावलेला. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं, "किती तालुक्यांत, साहेब?" प्रवक्ते गप्प. पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, कानातल्या टॉकबॅकवर प्रोड्यूसर ओरडतोय, 'ब्रेक घ्या, ब्रेक घ्या.' सरांनी घेतला नाही, तसेच बघत राहिले. चार सेकंद असतील. टीव्हीवर चार सेकंदांची शांतता म्हणजे किती, ते पीसीआरमध्ये उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या प्रवक्त्यांनी माझा फोन उचलला नाही. पुढचे चार महिनेही नाही.

या धंद्यातली खरी अडचण ही आहे, आणि पत्रकारितेच्या कोर्सला ती कोणी शिकवत नाही. प्रश्न धारदार झाले की पाहुणे आटतात. थापरांनी 2018 च्या आत्मकथनात लिहिलंय की भाजपचे नेते त्यांच्या कार्यक्रमाला यायचेच बंद झाले. 'इंडिया टुडे' वाहिनीवरचा त्यांचा 'टू द पॉइंट' 2017 मध्ये संपला, पुढे ते 'द वायर'साठी मुलाखती घेऊ लागले. आपल्याकडचे पत्रकार निखिल वागळे बघा. 1990 पासून 'महानगर' हे सायंदैनिक, 2008 मध्ये आयबीएन लोकमत ही वाहिनी, तिथे 'आजचा सवाल' हा चर्चेचा कार्यक्रम. 2009 मध्ये वाहिनीच्या मुंबईच्या कार्यालयावर हल्ला झाला. नंतर वाहिन्या बदलत गेल्या आणि टीव्ही नाईनवरचं 'सडेतोड' 2017 मध्ये अचानक बंद पडलं. त्यांची मतं पटोत न पटोत (मला सगळी पटत नाहीत), पण ही दोन्ही माणसं वर्तमानपत्रातून आलेली आहेत, टेलिप्रॉम्प्टरवरून नाही, हे लक्षात घ्या.

म्हणून सुरुवात अँकरिंगच्या ऑडिशनने करू नका. जिल्ह्याच्या पेपरात किंवा वाहिनीच्या इनपुट डेस्कवर, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या विभागात, जा. पगार बेताचाच मिळेल. जिल्हा परिषदेची सभा, बाजार समितीची निवडणूक, कंटाळा येईपर्यंत करा. अर्थसंकल्प बातमीतून वाचू नका, मूळ कागद उघडा. आणि घरी एक सराव करा. कुठलीही मुलाखत लावा, उत्तर संपलं की थांबवा, पुढचा प्रश्न स्वतः लिहा, मग मुलाखतकाराने काय विचारलं ते ऐका. सुरुवातीला तुम्ही नवा विषय काढाल. उत्तरातलाच एखादा शब्द पकडून प्रश्न यायला लागला की समजा, हात बसतोय.

आवाजाचं विचारलंत, तर आमच्या त्या सरांचा आवाज कायम बसलेला असायचा. मेकअपच्या टेबलावर पावडरच्या डब्याशेजारी खडीसाखरेची पुडी ठेवलेली असे.