दिवाळीत व्हिएतनाम? जरा थांबा

प्रश्न : ताई, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही व्हिएतनामला निघालोय. मी, मिस्टर, सातवीतली मुलगी आणि सासूबाई. हातात १० दिवस. हनोई, हालाँग, सापा, दानांग, होई आन, सायगॉन, फू क्वॉक असं सगळं एजंटने बसवून दिलंय, शिवाय एखादं खेडं पण बघायचंय. जमेल ना? (ठाणे)

जमेल की, फक्त व्हिएतनामपेक्षा एअरपोर्टच जास्त बघाल! अहो देश केवढा लांबुळका आहे, हनोई ते सायगॉन रेल्वेने १७२६ किमी, तीस तासांच्या वर प्रवास, आणि १० दिवसांत सात ठिकाणं म्हणजे रोज सकाळी उठून बॅगा भरायच्या आणि सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या बॅगेत गेल्या ते शोधत बसायचं.

पण खरा घोळ वेगळाच आहे, आणि एजंट तो सांगत नाहीत. दिवाळीपर्यंत आपल्याकडचा पाऊस आटोपलेला असतो, पण मध्य व्हिएतनामचा, म्हणजे दानांग-होई आनचा पाऊस चेन्नईसारखा, उशिराचा. सप्टेंबर ते डिसेंबर, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वादळं आणि पूर. हा गाढवपणा मी स्वतः केलाय म्हणून सांगते. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, होई आनला उतरले, रात्री आठला मालकीणबाई दार ठोठावून खुणेने सांगतायत, वर चला. सकाळी जिन्यातून खाली बघते तर गल्लीत गुडघाभर पाणी, आणि या बाई शांतपणे फ्रिज विटांवर चढवतायत. आमचं तोंड एवढंसं, आणि त्यांना काहीच नवल नाही. तिथल्या जुन्या घरांत कुठल्या साली पाणी कुठवर चढलं त्याच्या खुणा भिंतीवर करून ठेवल्यात, एका घरात तर माळ्याला झडप आहे, पूर आला की सामान दोरीने वर ओढून घ्यायला.

तरी गाव बघण्यासारखंच. १५व्या ते १९व्या शतकापर्यंत मोठं बंदर, जपानी-चिनी व्यापाऱ्यांची घरं, मग थू बॉन नदी गाळाने भरत गेली, जहाजं दानांगकडे वळली आणि हे गाव होतं तसंच राहिलं. मला तर आपलं चौल आठवलं. १९९९ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं, त्याच वर्षी जवळचं 'मी सन' नावाचं ठिकाण पण. तिथे चाम नावाच्या तिथल्या जुन्या समाजाच्या राजांनी बांधलेली शंकराची विटांची देवळं आहेत, १९६९ च्या अमेरिकन बॉम्बहल्ल्यात बरीच पडली, आता आपलं पुरातत्त्व खातं तिथे डागडुजी करतं. सासूबाईंना नक्की दाखवा, पण मुलीची परीक्षा झाल्यावर, एप्रिलमध्ये. तेव्हा दानांगच्या उत्तरेला असलेल्या ह्युए शहरातून दानांगला ट्रेनने जा आणि डाव्या खिडकीची जागा घ्या, समुद्र त्या बाजूला येतो.

दिवाळीतच जायचं असेल तर फक्त उत्तर करा. तेव्हा तिथे हवा मस्त असते. हनोई तीन दिवस, निन्ह बिन्ह दोन, हालाँगला बोटीवर एक रात्र, आणि खेड्यासाठी माई चाऊ, निदान दोन रात्री. हनोईपासून साधारण १४० किमी, थाय नावाच्या तिथल्या जमातीची वस्ती, घरं लाकडी खांबांवर, जिन्याखाली चपला काढायच्या, वर चिरलेल्या बांबूची जमीन, कुणी कूस बदलली तरी करकरते. गादी, मच्छरदाणी, आणि पहाटे चारला कोंबडा. बाथरूम बहुतेक ठिकाणी खाली, म्हणजे रात्री जिना उतरणं आलं, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर बुक करतानाच खालची खोली मागा.

आणि कुणी थेट वय विचारलं तर रागावू नका हं. त्यांच्या भाषेत 'तू-तुम्ही' पेक्षा दादा, ताई, काका, आजी असंच चालतं, वय कळल्याशिवाय वाक्य सुरूच करता येत नाही बिचाऱ्यांना. सासूबाई तिथे 'बा' होतील, म्हणजे आजी, आणि भाताची पहिली वाटी त्यांनाच मिळेल.

प्रश्न : आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहू का? (चिंचवड)

नाही, पण 'नो मीट' म्हणून काही उपयोग नाही, मांस काढतील आणि वरून माशाचा सॉस घालतील, नुऑक माम, तो सगळ्यातच असतो. एकच शब्द पाठ करा, 'चाय'. चहा नव्हे हो! चाय म्हणजे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी. चांद्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तिथले कितीतरी लोक असंच जेवतात, त्यामुळे बोर्डावर चाय लिहिलेली खानावळ शहरात सापडतेच. खेड्यात आधी कळवा. मेतकूट न्याच, गरम भाताची तिथे कमी नाही.

प्रश्न : मित्रांसोबत दानांगजवळचा हाय व्हान घाट बाईकवरून करायचाय, भारतातून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं की झालं ना? (कोल्हापूर)

नाही रे बाबा, इथेच सगळे फसतात. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं परमिट मानतं आणि भारतात मिळतं ते १९४९ च्या जिनिव्हा कराराचं. दुकानदार बाईक बिनधास्त देईल, त्याचं काय जातंय, पण पडलास तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. तिथले लोक स्वतः बाईक चालवून आपल्याला मागे बसवून नेतात, ते घे. घाट २१ किमी, डोक्यावर ढग, खाली समुद्र, आणि २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या तिकडून जातात म्हणून रस्ता बऱ्यापैकी मोकळा.

प्रश्न : पैशांचा हिशोब कसा लावायचा? (नाशिक)

सध्या १ रुपयाचे साधारण ३०० डाँग, म्हणजे १ लाख डाँग सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. शून्यं बघून घाबरू नका, रंग बघा, आणि तिथेच गोची आहे, २० हजाराची नोट पण निळी आणि ५ लाखाची पण निळी. मी एकदा शहाळ्याचे पैसे म्हणून ऐटीत निळी नोट दिली आणि चालायला लागले, तर ती म्हातारी मागून धावत आली, हात धरला, नोट परत हातात कोंबली आणि माझ्या पाकिटातून आपली आपण बरोबर निळी काढून घेतली.