बढती नको, तर राजीनामा द्या म्हणतात

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे भाऊ हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात आणि सूतगिरणीत 12 वर्षांपासून फिटर आहेत. एकूण पगार 19,600, त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून 18,200. आता त्यांना शिफ्ट सुपरवायझर करायचं चाललंय, पगार 23,500. त्यांना ते नकोय. एचआरचं म्हणणं, "सही करा, नाहीतर राजीनामा द्या." घरी चार एकर शेती आहे, इन्सुलिनवर असलेली आई आहे. राजीनामा देऊन मोकळं व्हावं का, असं ते विचारतात.

नाही भाऊ. राजीनामा अजिबात देऊ नका. बढतीही आहे त्या अटींवर घेऊ नका.

आधी पगारवाढीचं बघू. कागदावर 3,900 दिसतात. पण तुम्हीच लिहिलंय की ओव्हरटाइमचे महिन्याला सरासरी 2,400 मिळतात. कामगाराला जादा तासांचा दर दुप्पट असतो, सुपरवायझर झाल्यावर तो हक्क राहत नाही. उरले 1,500. कामगार विम्याची (ईएसआयसी) तुमची पाऊण टक्का कपात, म्हणजे 147 रुपये, वाचेल. पण ती वाचते कशामुळे, तर 21,000 च्या वर गेल्यावर ईएसआयसीच बंद होते म्हणून! सध्या ओव्हरटाइम धरून तुम्ही कधी 21,000 च्या पुढे जात असाल, तरी चिंता नाही, या मर्यादेत ओव्हरटाइम मोजत नाहीत.

आईची औषधं सध्या ईएसआयसीतून मिळतात, ती बाहेरून घेतली तर महिन्याला 1,800 लागतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे 1,647 हातात आले आणि 1,800 गेले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते दवाखान्यात भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी, दर महिन्याच्या इन्सुलिनसाठी नाही. खासगी विमा घ्यायचा म्हटलं तर आधीपासूनच्या आजारासाठी 3 वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि शेतीचा तर हिशेब अजून धरलाच नाही. पहिली पाळी करून साडेतीनला सुटता, म्हणून फवारणी, ओलित तुमच्या हातानं होतं. पाळ्या फिरत्या झाल्या की वावर मक्त्यानं द्यावं लागेल.

आता हक्काचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. फिटर म्हणून तुम्ही तिच्यात 'कामगार' आहात, पगार कितीही असो. मुख्यतः देखरेखीचं काम आणि वेतन 18,000 च्या वर, असं झालं की त्या व्याख्येतून बाहेर. कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. तुमची 12 वर्षं आहेत. सुपरवायझरला मात्र हे कवच नाही, त्याच्यासाठी नेमणूकपत्रात लिहिलं असेल तेवढंच. मला या बढतीत सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

बढती हा कंपनीचा प्रस्ताव असतो. कामाचं स्वरूप आणि अटी बदलायला तुमची संमती लागते. फक्त नेमणूकपत्र आणि कंपनीचे स्थायी आदेश (नोकरीच्या अटींचे लेखी नियम) नीट वाचून घ्या. बदलीचं कलम बहुतेक पत्रांत असतं, त्यावर मात्र कंपनीचा जोर चालू शकतो.

राजीनाम्याबद्दल एक पाहिलेलं सांगतो. माझ्याकडे आलेल्या एकाचा राजीनामा कंपनीनंच टाइप करून आणला होता, "वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने". त्यानं फक्त सही केली. त्या एका 'स्वखुशीने'मुळे नुकसानभरपाई मागायची वाटच बंद झाली. तुम्ही आज राजीनामा दिलात तर ग्रॅच्युइटी तेवढी मिळेल: 18,200 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 12, म्हणजे 1,26,000. बस.

बढतीची चांगली बाजूही सांगायला हवी. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. बेसिक आणि भत्ता 22,100 झाला तर याच 12 वर्षांचे 1,53,000 होतात. 27,000 चा फरक लहान नाही. पण त्यासाठी दर महिन्याला खिशातून भरत राहणं मला पटत नाही.

म्हणून असं करा. साध्या कागदावर लिहा: "बढतीच्या प्रस्तावाबद्दल आभार. कौटुंबिक अडचणींमुळे मी ती स्वीकारू शकत नाही. फिटर म्हणून काम सुरू ठेवत आहे." दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा. रोज वेळेवर हजर राहा, हजेरी चुकवू नका. तरीही राजीनाम्यासाठी दबाव आला तर वर्ध्याला सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

आणि कंपनी पगार 27,000 च्या पुढे द्यायला तयार झाली, आईसाठी गट विमा द्यायला तयार झाली, तर मी घ्या म्हणेन. तेव्हा वाढ 1 ऑक्टोबरऐवजी 1 नोव्हेंबरपासून मागा. ईएसआयसीचा सहामाही काळ ऑक्टोबर ते मार्च असतो. तो सुरू झाल्यावर पगार वाढला तर वर्गणी मार्चपर्यंत चालू राहते, आणि आईचे उपचार पुढच्या डिसेंबरपर्यंत मिळतात. 1 ऑक्टोबरपासून वाढ घेतली तर ते जूनमध्येच संपतील.

नेमणूकपत्राची झेरॉक्स पाठवा, बदलीचं कलम मी बघून घेतो.