मुलगा सज्ञान होताना: फेरतपासणी टाळावी का?

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक वाचकांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग असून यंदा तो १८ वर्षे पूर्ण करतो. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठीच्या फेरतपासणीत दिव्यांगत्वाची टक्केवारी ८२ वरून खाली येईल या धास्तीने ती टाळावी काय, आणि केळीच्या उत्पन्नातून साठवलेले दहा लाख रुपये मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावेत काय, असे त्यांनी विचारले आहे. मुलाची आई २००३ पासून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे.

आपली काळजी मी समजू शकतो, पण दोन्ही गोष्टी आपण करू नयेत. मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर, दिव्यांग अवलंबितासाठी आयकरात मिळणारी वजावट (८०डीडी) मिळत नाही. शिवाय जुनी करप्रणाली निवडली तरच ती मिळते. ८० टक्के व त्याहून अधिक दिव्यांगत्वाला १,२५,००० रुपये आणि ४० टक्क्यांपासून पुढे ७५,००० रुपये अशी ती आहे. म्हणजे टक्केवारी ७५ झाली तरी वीस टक्के दराने आईचा कर वर्षाला सुमारे दहा हजारांनीच वाढेल. संजय गांधी निराधार योजनेचा विचार सोडावा, कारण आईचा पगार तिच्या उत्पन्नमर्यादेपेक्षा कितीतरी अधिक आहे.

खरे मोल कुटुंब निवृत्तिवेतनाचे आहे. आई १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत लागल्यामुळे तिला जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असेल, आणि स्वतः उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात हे वेतन हयातभर मिळू शकते. एवढा भरवशाचा आधार दहा लाखांची ठेव देऊ शकणार नाही. त्यासाठी वैध प्रमाणपत्र हवे आणि आईच्या सेवापुस्तकात मुलाची नोंद हवी.

ठेवीबाबत अडचण निराळी आहे. मूल सज्ञान झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, बँक त्याची स्वतःची सही व केवायसी मागते, आणि ते त्याला जमले नाही तर पैसे त्याच्याच नावावर अडकून पडतात. म्हणून १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे, जळगावला, कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा. तोवर रक्कम आपण पतिपत्नींच्या संयुक्त नावे ठेवावी, आणि मृत्युपत्रात मुलासाठी न्यास स्थापण्याची तरतूद करून त्याचा विश्वस्त कोण असेल हे त्या व्यक्तीच्या संमतीनेच लिहावे. केवळ नामनिर्देशनावर विसंबू नये, कारण त्यातून मालकी ठरत नाही.