पाकीट एक, पाणी लिटरभर

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या नातवाला जुलाब झाले. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्यात कालवायचं असतं, पण एवढं पाणी पोर पिणार कधी? म्हणून मी ते फुलपात्रभर पाण्यातच कालवलं. सुनेनं ते ओतून दिलं. थोडं दाट झालं तर काय बिघडलं? उलट ताकद जास्तच मिळाली असती ना?
– एक आजी, कोथरूड

उत्तर : आजी, सूनबाईंनी ओतलं ते योग्यच केलं. मंडईतून आणलेल्या कैरीच्या फोडींना तुम्ही मीठ-हळद लावून ठेवता, सकाळी पातेल्यात पाणी सुटलेलं असतं. ते फोडींतलंच पाणी. बाहेर मीठ जास्त, म्हणून ते पेशींतून बाहेर ओढलं गेलं.

नातवाच्या आतड्यातही हेच झालं असतं. रक्तात विरघळलेल्या कणांचं माप लिटरमागे साधारण २९० मिलिऑस्मोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की माप २४५ भरतं, रक्ताहून थोडं कमी, म्हणून पाणी आतड्यातून रक्तात शिरतं. फुलपात्र २०० मिलिलिटरचं धरलं तर तेच माप १२२५ होतं. मग रक्तातलंच पाणी आतड्यात उतरतं, जुलाब वाढतात, आणि रक्तातलं सोडियम चढतं, ते तर फारच वाईट.

मी ३१ वर्षं पुण्यात कॉलेजात फिजिकल केमिस्ट्री शिकवली. हा धडा आला की मी मुलांना बॉटनीच्या लॅबमध्ये न्यायचो. ऱ्हिओ या शोभेच्या झाडाच्या पानाच्या जांभळ्या पाठीची साल सोलायची, काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. बघता बघता प्रत्येक पेशीतला जांभळा रस भिंतीपासून सुटून मधे गोळा होतो. साधं पाणी टाकलं की पुन्हा पसरतो. हे पाहताना वर्ग एकदम शांत व्हायचा. व्हॅन्ट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञानं पाण्याच्या या ओढीचं गणित मांडलं तेही फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मोजमापांवरून, आणि १९०१ मध्ये रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल व्हॅन्ट हॉफला मिळालं.

राहिली ताकद. ओआरएसमधलं ग्लुकोज ताकदीसाठी नसतंच. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं, ते एका ग्लुकोजबरोबर दोन सोडियम आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाबातही हे दार बहुधा उघडं राहतं. १९७१ मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रोगी वाचवले. मला ही हकीकत सांगताना आजही भरून येतं.

लिटरभर एकदम पाजायचं नसतंच. चमच्या-चमच्यानं द्या, कालवलेलं २४ तासांत संपवा, उरलं तर टाका. २०० मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात, फुलपात्राला तीच घ्या. पोर मलूल पडलं किंवा लघवी कमी झाली, तर थेट डॉक्टरांकडे न्या.