संगणक-शंका : डेटाबेससाठी डिस्कवर जागा करताना

प्रश्न : मी एका जिनिंगमध्ये हिशेब सांभाळतो. कापसाच्या काटापट्ट्यांची नोंद आम्ही उबुंटूवर, पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसमध्ये ठेवतो. 500 जीबीच्या डिस्कवर आधी 30 जीबीचे रूट पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग; यातच उबुंटू आणि डेटाबेस आहे) आणि त्याला लागून पुढे शेवटपर्यंत होम (वापरकर्त्यांच्या फाइलींचे पार्टिशन) आहे. होममध्ये 200 जीबी मजकूर असून तेवढीच जागा मोकळी आहे. तरी नोंद करताना ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश येतो. होममधील 100 जीबी रूटला कसे जोडावेत? हंगाम तोंडावर आहे.
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : जागा नक्की मिळेल, पण ती रूटला जोडण्याच्या फंदात आपण पडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. रूट वाढवायचे तर होमची सुरुवातीची कड पुढे न्यावी लागते. दोन वावरांमधला धुरा सरकवायचा म्हटले की पलीकडचे उभे पीक आड येते, तसाच हा प्रकार आहे: होममधील सगळा 200 जीबी मजकूर उचलून पुढे मांडावा लागतो, आणि ते चालू असताना वीज गेली तर काही मजकूर जुन्या जागी व काही नव्या जागी राहून पार्टिशन उघडेनासे होऊ शकते.

त्याऐवजी होमची शेवटची कड मागे घ्यावी, मोकळ्या झालेल्या 100 जीबीचे नवे पार्टिशन करावे आणि डेटाबेसचा डेटा तेवढा तिथे हलवावा. शेवटच्या भागात पडलेला मजकूर याही वेळी हलतो, पण सुरुवात जागची हलत नसल्याने काम आणि धोका दोन्ही पुष्कळ कमी होतात.

होमची फाइलसिस्टीम (पार्टिशनवर फाइली मांडण्याची पद्धत) कोणती आहे, हे ‘एलएसबीएलके -एफ’ ही आज्ञा देऊन आधी पाहावे. ईएक्सटी4 असेल तर पुढे जावे. एक्सएफएस वाढवता येते, मात्र घटवण्याची भरवशाची सोय तिच्यात नाही. त्यानंतर ‘पीजी_डंपऑल’ने डेटाबेसची आणि सोबत होमची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि डेटाबेसची प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून तिच्यात कालच्या काटापट्ट्या दिसतात की नाही, हे स्वतः तपासावे. ही पायरी गाळून कोणीही पुढे जाऊ नये.

ईएक्सटी4 घटवताना ती माउंट केलेली (वापरासाठी जोडलेली) चालत नाही, म्हणून संगणक पेन ड्राइव्हवरील लाइव्ह उबुंटूने सुरू करून जीपार्टेड हा पार्टिशनचे आकार बदलणारा प्रोग्राम उघडावा. होम निवडून आकार बदलण्याची खिडकी उघडली की पार्टिशनची आडवी पट्टी दिसते. तिची उजवी कड डावीकडे ओढावी आणि पट्टीच्या आधीची मोकळी जागा शून्यच आहे, हे पाहूनच मान्यता द्यावी. जीपार्टेड आधी फाइलसिस्टीम आणि मग पार्टिशन लहान करते; हाताने आज्ञा देणाऱ्यांनी हा क्रम उलटवला तर फाइलसिस्टीमची शेपटी कापली जाते. भारनियमनाची वेळ टाळावी, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसची बॅटरी खरोखर किती वेळ टिकते, हे आदल्या दिवशी पाहून ठेवावे.

पुढचे काम सोपे आहे. नवे पार्टिशन ईएक्सटी4 करावे, नेहमीच्या उबुंटूत येऊन पोस्टग्रेसक्यूएल बंद करावे, ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल’मधील सगळे ‘आरसिंक -ए’ने नव्या पार्टिशनवर न्यावे आणि जुन्या डिरेक्टरीचे नाव बदलून तिच्या जागी नवे पार्टिशन माउंट करावे. ‘एफस्टॅब’मध्ये (संगणक सुरू होताना काय माउंट करायचे त्या यादीत) त्याची नोंद यूयूआयडीने, म्हणजे त्याच्या कायमच्या ओळखक्रमांकाने करावी. मालकी ‘पोस्टग्रेस’ या वापरकर्त्याकडेच राहिली पाहिजे. शिवाय डेटा डिरेक्टरीची परवानगी 700 किंवा 750 नसेल तर सर्व्हर सुरूच होत नाही.

जाता जाता एक खुलासा. ईएक्सटी4 साधारण 5 टक्के जागा ‘रूट’ नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी (रूट पार्टिशन वेगळे) राखून ठेवते. आपल्या 30 जीबीत ती दीड जीबी होते. पोस्टग्रेसक्यूएल ‘पोस्टग्रेस’ या नावाने चालत असल्याने त्याला ती मिळत नाही, म्हणून डिस्क पूर्ण भरण्याआधीच आपल्याला तो संदेश दिसला.

नाव बदललेली जुनी डिरेक्टरी लगेच पुसू नये. संगणक दोन-तीनदा बंद-चालू करून आणि एका पूर्ण दिवसाच्या काटापट्ट्या नव्या जागेत नोंदवून झाल्यावरच ती काढावी.